कर्णा आणि बोळे

ता. ९ जानेवारी

ती. दादास,
भोंग्याचा शि. सा. न.

आमचा बँड मोडला. लगेच कपाळाला हात लावू नकोस, भांडणबिंडण काही झालेलं नाही. गिटारवाल्याने आणि त्याच्या बायकोने रोपवाटिका काढली आहे, आणि इतकी वर्षं माझ्या मागे बसून पत्र्याची पिंपं बडवणारा आमचा ठोक्या आता त्यांच्याकडे कुंड्या भरतो. शेवटच्या कार्यक्रमाला ऐकणाऱ्यांपेक्षा स्पीकर जास्त होते, पण आम्ही भिंती हलवूनच उतरलो. नॉइज रॉक म्हणजे काय असं आई अजून विचारत असेल, तर तिला सांग की गाण्यातून चाल काढून घेतली की जे उरतं ते. मी ते मन लावून केलं आणि त्याची मला लाज नाही.

आता खरी बातमी. मी म्हाताऱ्यांच्या बँडमध्ये शिरले आहे! हे लोक आजोबा-पणजोबांच्या काळातलं जॅझ वाजवतात, नाचायचं जॅझ, आणि तेव्हा वाजायचं अगदी तसंच. माईक नाही, स्पीकर नाही. गायिकेने पत्र्याच्या कर्ण्यातून गायचं. प्रमुख आहेत ते क्लॅरिनेट वाजवतात. जन्मभर दात काढण्याचा धंदा केला, त्यामुळे मी वरच्या पट्टीत गेले की त्यांचं लक्ष माझ्या दाढांकडे जातं. मी त्यांचं नाव दंतोबा ठेवलं आहे, अर्थात मनातल्या मनात.

जागा अजून पक्की नाही. मार्चमध्ये गावच्या सभागृहात रविवारी दुपारी नाच ठेवला आहे. तोवर मी उमेदवार. त्या दिवशी जमलं तर ठेवतील, नाही तर पूर्वीसारखं गायिकेविना वाजवतील. दादा, समूहगान झालं, साबणाच्या जाहिराती झाल्या, नाटकात पडद्यामागून गाणं झालं, मग आरडाओरडा झाला. पण एखादी जागा इतकी हवीशी कधी वाटली नव्हती. का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

आईला सा. न., वहिनीला मिठी. माझ्यावरचा लोभ बँड बदलला म्हणून बदलू नये.

तुझी,
भोंगा

ता. १५ जानेवारी

चि. भोंगा हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. आईने कर्ण्यापर्यंत ऐकलं आणि म्हणाली की हिला कर्ण्याची गरज कशाला. पाळण्यात तू गळा काढलास की शेजारचे लोक गिरणीच्या पाळीचा भोंगा झाला समजून डबे घेऊन कामाला निघायचे, ही गोष्ट तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितली. वहिनीला ती पाठ आहे, तरी ती योग्य जागी हसली.

मी मात्र तुझी बातमी ऐकून आधी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि रात्री डायरी लिहिताना त्याच सुटकेपाशी अडकलो. मला आनंद तुझ्यासाठी झाला, की तुझ्या कानांसाठी? माझं कामच तसं, कान तपासण्याचं. दिवसभर काचेच्या खोलीत एकेका माणसाला बसवायचं, बारीक आवाज सोडायचा आणि ऐकू आल्यावर त्याने बटण दाबायचं. कितीतरी जण काही ऐकू आलेलं नसताना केवळ मला बरं वाटावं म्हणून दाबतात. असा मी, तुझ्या कार्यक्रमाला एकदाच आलो, आणि तेव्हाही रस्त्यावर उभं राहून दाराची थरथर पाहिली. वहिनी आत जाऊन नाचली. तू इतकी वर्षं जे गायलीस ते मी ऐकलंच नाही, फक्त मोजलं. याबद्दल मी स्वतःला काय म्हणावं ते अजून ठरलेलं नाही.

एक मात्र ऐक. तुझ्या कानांच्या साच्यावरून मी जे बोळे करून दिले आहेत, ते काढू नकोस. बँड म्हाताऱ्यांचा असला तरी ट्रम्पेट ते ट्रम्पेट. कानात बोळे असल्याशिवाय उभं राहायचं नाही, हा आपला जुना करार कायम आहे.

तू फोन न करता पत्र लिहितेस, याचं आईला नवल वाटतं. मी तिला आठवण करून दिली की त्या बँडच्या दिवसांत आपलं फोनवरचं सगळं बोलणं तुझ्या 'काय?' आणि माझ्या 'अगं ऐक' यातच संपायचं. ही पत्रं हे त्या गोंगाटाचे उपकार. ती चालू राहावीत एवढंच मागणं.

तुझा,
दादा

ता. ६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न.

उशिरा लिहिते आहे, कारण सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

जमत नाही रे. दंतोबा आवाज चढवत नाहीत. हिरडीत सुई टोचण्यापूर्वी बोलावं तसं गोड बोलतात, आणि ते जास्त लागतं. परवा म्हणाले की मी शेजारच्या खोलीतून गाते आहे असं वाटतं. काल म्हणाले की क्लॅरिनेट प्रश्न विचारतं तेव्हा गायिकेने थांबून तो ऐकायचा असतो, आणि मी तर त्याच्या डोक्यावरून गाडी नेते. पियानो वाजवणाऱ्या काकू फारच प्रेमळ आहेत. त्यांनी मला बाजूला घेऊन सुचवलं की कर्णा थोडा छताकडे धरून बघावा, म्हणजे निदान पुढच्या रांगेतले लोक वाचतील.

मी हळू गायचा प्रयत्न करते, तर माझाच आवाज डोक्यात घुमतो आणि बाकीचे कुठे आहेत ते कळत नाही. ताल मी पायाखालच्या फळ्यांतून पकडते, तो नेहमी जरासा उशिरा पोचतो. जुन्या बँडमध्ये मी ऐकू येत नाही म्हणून ओरडा व्हायचा, इथे मला ऐकू येत नाही म्हणून. काल तर वाटलं, की आपण सगळ्या तऱ्हेचं गातो म्हणजे आपलं असं काही गातच नाही. प्रत्येक ठिकाणी पाहुणी. पाहुणीला चहा मिळतो, घराची किल्ली मिळत नाही.

दंतोबांनी महिनाअखेरपर्यंत बघू म्हटलं आहे. तोवर बसलं नाही तर नाचाच्या दिवशी मी प्रेक्षकांत.

तू कानांची काळजी करू नकोस. बोळे दारातच घालते ते घरी येऊन काढते. केस वाढवले आहेत, त्यामुळे कोणाला दिसतही नाहीत.

तुमची माया असू द्या, सध्या तिचीच गरज आहे.

भोंगा

ता. ९ फेब्रुवारी

चि. भोंगा हिस,
आशीर्वाद नंतर. आधी ते बोळे काढ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझ्या दुःखाने हळहळलो. तिसऱ्यांदा वहिनीने वाचलं. वाचून तिने विचारलं की विमानतळावर घालायचे बोळे घालून ही मुलगी क्लॅरिनेटशी गप्पा कशा मारणार. मग म्हणाली की तुम्हा भावंडांची जोडी देवाने निवांत बसून जमवली असणार.

मी तरी लगेच मान्य केलं नाही. आधी खात्री केली. आज दुपारच्या सुट्टीत तसलेच बोळे घालून स्वतः काचेच्या खोलीत बसलो आणि सहकाऱ्याला जुनं नाचाचं संगीत लावायला सांगितलं. सोबत गुणगुणलो. माझा आवाज पाण्याच्या टाकीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमला, आणि क्लॅरिनेट कुठे गेलं ते कळलंच नाही. बाहेर आलो तर सहकारी म्हणाला की मी गुणगुणत नव्हतो, ओरडत होतो, आणि बाकावरच्या आजी नंबर सोडून निघाल्या होत्या.

म्हणजे शेजारच्या खोलीत तुला मीच बसवलं. तुझा बँड कोणता, खोली केवढी, वाद्यं किती, यातलं एक अक्षर न विचारता मी सल्ला दिला. पेशंटला असा सल्ला दिला असता तर मीच माझी तक्रार केली असती. सवयीलाच काळजी समजण्याची ही खोड मला कधीपासून लागली, ते डायरीत शोधायचं आहे.

ट्रम्पेटपासून चार हात लांब उभी राहा, बस. तेवढ्याने तुझ्या कानांना काही होत नाही. आणि 'पाहुणी' वगैरे जे लिहिलं आहेस, ते बोळे काढून पुन्हा वाच. लोभ आहेच, अक्कल तेवढी मागाहून पाठवतो.

तुझा,
दादा

ता. २० फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. आणि आज त्यावर एक उडी!

काढले. दारातच काढले आणि आत गेले, तर दादा, खोलीत केवढी गर्दी होती! क्लॅरिनेट वाजण्याआधी दंतोबा श्वास घेतात तो ऐकू येतो. त्याच्या चाव्या टकटकतात. ट्रम्पेटवाले आजोबा इतकं हळू वाजवू शकतात, की कोणी कानाशी येऊन चहाडी करावी. आणि पियानोवाल्या काकू वाजवताना सतत गुणगुणतात, तेही पूर्ण बेसूर. हे मी सांगितल्यावर बाकीच्यांनी माना खाली घातल्या. सगळ्यांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे, बोलायची हिंमत माझ्यात निघाली. काकू मजेत म्हणाल्या, की त्यांना वाटायचं तो ट्रम्पेटचा दोष आहे.

मग मी गायले. काही करावंच लागलं नाही. क्लॅरिनेटने विचारलं, मी थांबले, उत्तर दिलं. मला जे उशिरा पोचत होतं ते आता माझ्याआधी येऊन उभं असायचं. गाणं संपल्यावर दंतोबांनी क्लॅरिनेट पुसून ठेवलं. मग त्यांनी विचारलं की माझी बहीण आहे का, कारण आधी येत होती ती वेगळी असावी.

मी बोळे दाखवून सगळं सांगितलं. ते बँडभर फिरले. प्रत्येकाने घालून पाहिले आणि एकमेकांना शिव्या देऊन ऐकू येतात का ते तपासलं. ट्रम्पेटवाल्या आजोबांना तसला एक जोड घरी वापरायला हवा आहे. का ते आजींसमोर विचारू नये.

तरी जागा पक्की नाहीच. दंतोबा म्हणाले की खोलीत सगळेच गातात, नाचाच्या दिवशी बघू. काय बघणार, ते सांगत नाहीत. काकूंना माहीत असावं, पण त्या नुसत्या हसतात.

तुम्ही दोघं या. आईचे गुडघे त्या पायऱ्या चढणार नाहीत, तिला मी घरी येऊन गाऊन दाखवीन. पण दादा, मला दिसेल असा बसू नकोस, खांबामागे कुठेतरी बस, आणि माझा भाऊ आहेस हे कोणाला कळू देऊ नकोस. मला नात्याच्या टाळ्या नकोत. तुझ्यासारखं बारकाईने कोणी ऐकत नाही, म्हणून एकच काम कर. प्रत्येक गाणं कसं झालं ते लिहून पाठव. गोड लिहायचं नाही, खरं लिहायचं.

येण्याची कृपा आणि माया, दोन्ही व्हाव्यात.

भोंगा

ता. ११ मार्च

चि. भोंगा हिस,
दादाचे आशीर्वाद, घेववले तर घे.

माझ्या हातून काय झालं ते सरळ लिहितो.

मी वही-पेन्सिल घेऊन आलो होतो. सांगितल्याप्रमाणे खांबामागे बसलो. पहिलं गाणं सुरू झालं, मी 'सुरुवात मोकळी' एवढं लिहिलं, आणि वहिनी नाचायला गेली. शेजारी एक हिरव्या झग्यातल्या बाई होत्या, माझ्याहून वीस वर्षांनी तरी मोठ्या. त्यांनी माझी पेन्सिल काढून घेतली, स्वतःच्या अंबाड्यात खोचली आणि मला हाताला धरून उठवलं. मला नाचता येत नाही हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या की ते त्यांना दिसतंच आहे, तोंड मिटून पाय उचलावेत. उचलले. गंमत अशी की ते आपोआप उचलले जात होते. किती गाणी झाली देव जाणे. बाईंनी मला वहिनीच्या हवाली केलं, वहिनीने परत बाईंच्या. मी फक्त माझ्या बुटांकडे पाहत होतो आणि, तू म्हणालीस म्हणून खरं लिहितो, हसत होतो. आवाज काढून.

मध्यंतरात कोट टांगायच्या खुंट्यांपाशी घाम पुसत उभा होतो. टाय खांद्यावरून पाठीवर गेला होता. एक उंच म्हातारे गृहस्थ पाण्याचा पेला घेऊन आले आणि त्यांनी सहज विचारलं की गायिका कशी वाटली. मला वाटलं माझ्यासारखेच कोणी नाचून दमलेले. मी भाऊ आहे हे सांगायचं नव्हतं, आणि खोटंही बोलायचं नव्हतं. खूप आठवून पाहिलं. माझ्या तोंडून निघालं, की गायिका होती का? त्यांनी पुन्हा विचारलं, खरंच काही आठवत नाही? मी म्हणालो, प्रामाणिकपणे सांगतो, एक ओळसुद्धा नाही.

ते वळले, मंचावर चढले आणि त्यांनी क्लॅरिनेट उचललं.

त्यानंतर मी खांबामागून हललो नाही, आणि तुला न भेटताच वहिनीला ओढत निघालो. ती वाटभर हसत होती, मला त्यात हसण्यासारखं काही दिसेना. सकाळपासून दंतोबांना लिहायचा खुलासा चार वेळा लिहून फाडला. मी तज्ज्ञ आहे असं लिहावं, तर ज्याने ऐकलंच नाही तो तज्ज्ञ कसला? भाऊ आहे असं लिहावं, तर मग माझ्या शब्दाला किंमत काय? ज्या एका दिवशी तुला माझे कान हवे होते, त्या दिवशी मी नुसते पाय घेऊन आलो.

जागा गेली असेल तर ती माझ्यामुळे गेली. राग धर, पण फार दिवस नको. लोभ उरला असेल तेवढा असावा.

तुझा,
दादा

ता. ११ मार्च

ती. दादास,
भोंग्याचा शि. सा. न.

जागा मिळाली! कर्णा घरी न्यायची परवानगीसुद्धा मिळाली. माझ्या उशाशी आहे, हे आईला सांगू नकोस.

कशी मिळाली ते ऐक. दंतोबा बँडमधल्या कोणाचं मत घेत नाहीत, आणि टाळ्यांवर तर त्यांचा मुळीच विश्वास नाही. त्यांची जुनी रीत अशी, की मध्यंतरात खुंट्यांपाशी जायचं, सगळ्यात जास्त घामाघूम झालेला माणूस हेरायचा, आणि त्याला गायिकेबद्दल विचारायचं. त्याने कौतुक सुरू केलं की गायिका नापास, म्हणजे तो उभा राहून ऐकत होता. आधीच्या दोन उमेदवार बायका फार सुंदर गायच्या म्हणे, लोक नाच थांबवून ऐकायचे. त्यांना दंतोबांनी हात जोडून निरोप दिला. नाचाचं गाणं पायांत जायला हवं, असं त्यांचं मत.

तर काल त्यांना एक माणूस सापडला. टाय पाठीवर, कॉलर भिजलेली, चेहरा लाल, आणि त्याने विचारलं की गायिका होती का! दंतोबांनी खात्रीसाठी पुन्हा विचारलं, तर म्हणाला की प्रामाणिकपणे, एक ओळसुद्धा आठवत नाही. दंतोबा मंचावर येऊन इतके हसले की पुढचं गाणं क्लॅरिनेटशिवाय सुरू करावं लागलं. नंतर त्यांनी सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला आणि म्हणाले की इतक्या वर्षांत असा माणूस त्यांना प्रथमच भेटला, आता मी कुठेही जायचं नाही. काकू रडल्या, तेही बेसूर.

तो भला माणूस कोण होता कोणास ठाऊक. भेटला तर त्याचे पाय धरीन.

पण तू कुठे गेलास? सगळी आवरासावर होईपर्यंत मी दाराशी थांबले होते, तुम्ही दोघं भेटायलासुद्धा आला नाहीत. इतकं का वाईट झालं होतं? झालं असेल तर तसंच लिही, आता मी ऐकून घेऊ शकते. एकेक गाणं घेऊन सावकाश लिही. खांबामागे शांत बसून ऐकणारा त्या सभागृहात तू एकटाच होतास.

उत्तराची वाट पाहते. लोभ आहे तसाच असू दे, त्यात आता घरची गायिका असल्याचा थोडा माज मिसळलास तरी चालेल.

तुझी,
भोंगा