वॉर्डातले धर्मगुरू परत मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी साहेब,
धर्मगुरू विभाग,
सैन्य मुख्यालय.

विषय : सैनिकी इस्पितळातील धर्मगुरूंवरची चौकशी बंद करून त्यांना जखमींच्या वॉर्डात परत पाठवणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराच्या दिरांनी अर्जदाराला न विचारता केलेली तक्रार, आणि तीवर अर्जदाराला न विचारताच निघालेला आपला आदेश.

महोदय,

अर्जदार ही या प्रकरणातल्या मयत शिपायाची आई आहे. शाळा चौथीत सुटली, तेव्हा अर्जाची भाषा कुठे वाकडी वाटली तर समजून घ्यावे. म्हणणे सरळ आहे.

१. अर्जदाराचा थोरला मुलगा जखमी होऊन इस्पितळात होता. डॉक्टरांनी हात टेकले त्या दिवशी आमच्या धर्माचे धर्मगुरू रजेवर होते. रजेबद्दल तक्रार नाही, त्यांनाही घरदार आहे. त्यांच्या जागी मुलाच्या खाटेजवळ जे बसले ते दुसऱ्या धर्माचे धर्मगुरू. आपल्याच विभागाची ही रीत आहे, की ज्याचा धर्मगुरू हजर नाही त्याच्याकडे हजर असेल त्याने बघायचे, आणि प्रार्थना मात्र त्या शिपायाच्या धर्माची म्हणायची. रीत चांगली आहे. ती पाळली म्हणून माणसाला शिक्षा होते, हे अर्जदाराला आपल्या आदेशावरून कळले.

२. त्यांना आमची शेवटची प्रार्थना येत नव्हती. पुस्तक कपाटात होते आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्यांच्या खिशात. म्हणून त्यांनी अर्जदाराला फोन लावला. स्फोटाने मुलाचे कान बसले होते. फोन त्याच्या कानाशी धरून पाहिला, पण त्याला काही ऐकू जाईना. कानाला तोंड लावून मोठ्याने बोलले तरच पोचायचे. तेव्हा ते मोडक्यातोडक्या शब्दांत अर्जदाराला म्हणाले, "आई, तुम्ही एकेक ओळ सांगा, मी त्याच्या कानात म्हणतो. तुमची भाषा मला नीट कळत नाही, पण तुमच्या तोंडचा एक शब्दही गाळणार नाही."

३. अर्जदार ओट्याशी उभी राहून सांगत होती. ओळीमागून ओळ येत होती. अर्धी प्रार्थना झाली आणि शेगडीवरचे दूध वर आले. सून जवळच उभी होती, पण तिचे कशात लक्ष नव्हते. अर्जदार फोन धरूनच तिच्यावर ओरडली, "अगं भवाने, दूध चाललं उतू, बंद कर ना! डोळे काय गहाण टाकलेस?"

धर्मगुरूंनी दिलेला शब्द पाळला. हेही त्यांनी माझ्या लेकराच्या कानात म्हटले, सावकाश, प्रार्थनेच्याच चालीत, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

४. शेजारच्या खाटेवरचा शिपाई आमच्याच भाषेचा होता. तो कुबड्या घेऊन आम्हाला भेटायला आला तेव्हा त्याने हे सांगितले. सांगताना हसत होता आणि डोळे पुसत होता. अर्जदाराचे दीर समोरच्या खुर्चीत बसले होते. ते समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत. त्यांनी दूध उतू जाण्यापर्यंत ऐकले आणि उठून गेले. पुतण्या भरतीला निघाला तेव्हा स्टेशनवर यायला यांची कंबर धरली होती, तक्रार द्यायला मात्र आपल्या कार्यालयाचे दोन जिने चढले. खाली लिहिले "कुटुंबाच्या वतीने". साहेब, कुटुंब अर्जदार आहे. दीर पाहुणे आहेत.

दीर उठून गेल्यावर तो शिपाई पुढे जे बोलला ते तक्रारीत नाही, म्हणून इथे लिहिते. ते ओरडणे ऐकून मुलगा हसला. ओठ फाटलेले होते तरी हसला. म्हणाला, "आई आली." त्यानंतर त्याची तडफड थांबली. उरलेली प्रार्थना त्याने डोळे मिटून ऐकली आणि ती संपल्यावर गेला.

५. याला आपण "अंतिम प्रार्थनेची विटंबना" म्हटले आहे. विटंबना झाली असेल तर ती अर्जदाराने केली. दोन ओळी मागेपुढे झाल्या असेही तक्रारीत आहे. त्याही अर्जदाराच्याच. अर्जदाराच्या आईने तशाच शिकवल्या आणि आमच्याकडे सगळे तशाच ऐकून गेले. चौकशी करायचीच तर अर्जदाराला बोलवा. पातेलेही आणते, बूड करपलेले आहे. सुनेला मात्र कोणी काही विचारू नये. त्या दिवसापासून ती दूध वर येण्याआधीच बंद करते आणि घरात सगळे कच्चे दूध पितात, कोणी बोलत नाही. अर्जदारही बोलत नाही, यावरून काय ते समजावे.

६. आदेशाप्रमाणे त्या धर्मगुरूंनी आता फक्त स्वधर्मीय सैनिकांना भेटायचे आहे. वॉर्डात त्यांच्या धर्माचा सध्या एकही नाही, म्हणून त्यांना कोठारात कांबळी मोजायला बसवले आहे. कांबळ्यांचा धर्म कोणता, ते आदेशात लिहायचे राहिले आहे. आणि तिकडे पोरे एकटी छताकडे बघत पडली आहेत.

७. तरी तक्रार निकाली काढावी, आदेश मागे घ्यावा आणि त्या माणसाला वॉर्डात त्याच्या खुर्चीवर परत बसवावे.

आणखी एक. अर्जदाराचा धाकटा मुलगा भरती झाला आहे. रडून पाहिले, ओरडून पाहिले, जेवण सोडून पाहिले. ऐकत नाही, आईवर गेला आहे. त्याला थोरल्याचीच पलटण मिळाली आहे. त्याच्यावर अशी वेळ आली आणि आमचे धर्मगुरू पुन्हा रजेवर असले, तर त्याच्या खाटेजवळ कोण बसणार, हे कार्यालयाने लेखी कळवावे. दिरांना बसवणार असाल तर तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे अर्जदार आत्ताच येऊन पोराला बखोट धरून घरी नेईल.

उत्तराची वाट बघत आहे. अर्जदाराचा फोन नंबर त्या धर्मगुरूंकडे आहे. आपल्याकडे नसेल तर कोठारात जाऊन त्यांना विचारावा.

आपली, आजच्यापुरती नम्र,

(सही)
एका गेलेल्या आणि एका निघालेल्या शिपायाची आई

दिनांक : आपला आदेश हाती पडला तोच दिवस