सत्तावीस नंबरची भूक

बनशंकरी, बेंगळुरू
३ जुलै २०२४

ती. अप्पांस महानंदाचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून सगळं पत्रातच लिहिते. होसकोटेजवळच्या वराहपालन केंद्रात जनावरांची डॉक्टर म्हणून लागले, त्याला दोन महिने झाले. साठ गाभण डुकरिणी माझ्याकडे आहेत. त्या जाड झाल्या तर व्यायला अडतात, म्हणून सकाळी एकदाच मोजून अडीच किलो खाद्य मिळतं. ते दहा मिनिटांत संपतं. मग काही जणी दिवसभर लोखंडी गज चावतात, नाहीतर तोंडात काही नसताना चावत राहतात. ओठांवर फेस येतो.

सत्तावीस नंबरच्या तर हिरड्यांतून रक्त येतं. परवा तिने खाद्य टाकणाऱ्या बाईचा हात दातांत धरला. आमचे मॅनेजर शिवकुमार अण्णा म्हणतात, हिचा स्वभावच वाईट, व्याली की कत्तलीच्या यादीत घालू. मला वाटतं, तिला नुसती भूक लागते. सोमवारपासून तिच्यासह वीस जणींचं खाद्य बदललंय. अण्णांनी ‘सरी’, म्हणजे ठीक आहे, म्हणून तीन आठवडे दिलेत, पण वजन वाढता कामा नये.

तुमच्या साखरेसाठी मी मार्चमध्ये लिहून दिलेला तक्ता वहिनीने अजून फ्रिजवर ठेवलाय ना? दोन फुलके, अर्धी वाटी भात, त्यापुढे काही नाही. हल्ली तुम्ही फार चिडता असं बसवंतदादा सांगत होता. बरं नाही हं ते.

माया आहेच, ती पत्रातूनही येऊ द्या.
तुमची,
महानंदा

निपाणी
१४ जुलै २०२४

चि. महानंदा हिस अप्पांचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचले. दहा मिनिटांत खाणे आटोपल्यावर उरलेला दिवस ती डुकरीण करणार तरी काय? तिला यादीत घालण्याची घाई करू नका, असे तुझ्या अण्णांना माझ्यातर्फे सांग.

बसवंत म्हणाला ते खरे आहे. गेल्या मंगळवारी प्रांजलीने दुसरा फुलका वाढून डबा बंद केला आणि मी ताट सरकवले. आमटी तिच्या साडीवर सांडली. ती आत जाऊन रडली. अडतीस वर्षे वर्गात मी कुणा मुलावर हात उगारला नाही, आणि घरच्या सुनेशी असा वागलो.

आता लिहितोच आहे तर हेही लिहितो. स्वयंपाकघरात कुणी नसले की मी डबे उघडतो. मूठभर चुरमुरे तोंडात टाकतो आणि पावले वाजली की झाकण लावतो. तक्ता तू केलास, म्हणून कुणापाशी बोललो नाही. माझ्या शाळेतला जुना सहकारी बिंदुमाधव संकेश्वरला एकटा आहे. त्याच्या वरच्या खोलीत राहायला जावे म्हणतो. मुलांना माझा जाच नको.

तब्येतीला जप, आणि या म्हाताऱ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझे,
अप्पा

बनशंकरी, बेंगळुरू
२२ जुलै २०२४

ती. अप्पांस सा. न.

संकेश्वरला जाऊ नका. आधी हे पत्र वाचा.

आज तीन आठवडे झाले. आम्ही दाणा कमी केला आणि गव्हाचा कोंडा, सोयाबीनची टरफलं, चिरलेला हिरवा चारा वाढवला. अंगी लागणारं तेवढंच, पण ढीग मोठा. चोथा पोटात भिजून फुगतो, सावकाश पुढे सरकतो. आता त्यांना खायला पाऊण तास लागतो, आणि खाऊन झालं की बहुतेक जणी आडव्या होतात. चौघींना काहीच फरक नाही, त्या अजून गज चावतात. सत्तावीस नंबर अधूनमधूनच चावते. वजन वाढलेलं नाही. काल ती खात असताना अण्णा बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, स्वभाव स्वल्प बदललेला दिसतो. यादीत घालायचं त्यांनीच रद्द केलं.

अप्पा, डुकरिणीची भूक मला पहिल्या आठवड्यात दिसली. तुम्ही चिडता असं कळलं, तेव्हा मात्र मी तुम्हालाच समजावत बसले. किती खायचं ते लिहून दिलं, पोट भरतं का ते एकदाही विचारलं नाही. माझं चुकलं.

तुमच्या डॉक्टरांशी मी बोलले. फुलक्यांऐवजी ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, काकडी, आणि चार वाजता मूठभर फुटाणे चालतील. पंधरा दिवसांनी साखर तपासायची. तक्ता काढायला वहिनीला मी सांगू शकते, पण बाकीचं तुम्हीच बोला.

रागावला असलात तरी उत्तर लिहा.
तुमची,
महानंदा

निपाणी
८ ऑगस्ट २०२४

चि. महानंदा हिस अनेक आशीर्वाद.

साखर काल तपासली. वाढलेली नाही, थोडी उतरली आहे. मटकीने पहिले चार दिवस पोटात फार गडबड केली, आता सवय झाली. बिंदुमाधवाला नकार कळवला, तो थोडा रुसला आहे.

तुझे पत्र आले त्या दुपारी प्रांजली एकटीच भाकऱ्या करत होती. मी दारात उभा राहिलो, साडीबद्दल माफी मागितली आणि म्हणालो की मला भूक लागते. एवढे वाक्य बोलायला मला चार महिने लागले. तिने तवा उतरवला. म्हणाली की आपल्या हातची चव अप्पांना आवडत नाही, म्हणून ते अर्ध्यातून रागाने उठतात, असेच ती इतके दिवस समजत होती. आपल्या आईला विचारून विचारून आमटी बदलत होती. मला ते कळलेदेखील नव्हते.

मग तिने दोन ताटे वाढली. आजवर ती आमच्या मागून जेवायची. त्या दिवशी समोर बसली, आणि आम्ही दोघे सावकाश जेवलो.

इकडची काळजी सोड, लोभ आहेच.
तुझे,
अप्पा