पडद्यामागच्या आवाजाची वाटणी

मी, भिवा धर्मा कासारे, वय वर्षे चोपन्न, राहणार भोईवाडा, परळ, मुंबई, नोकरी गिरणीच्या रिंग खात्यात, धर्म बौद्ध, हा कागद स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी अक्कल ठिकाणावर आहे. कोणी दाब घातलेला नाही. नशा केलेली नाही. ती सरकारने बंद केली आहे आणि राधाने त्याच्याही आधी केली होती. उद्या गुरुवारी सकाळी माझ्या गळ्याचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचवायची खटपट करतो, आवाज मात्र राहणार नाही." म्हणजे जगलो तरी मुका. आज संध्याकाळी साडेपाच वाजता इस्पितळात भरती व्हायचे आहे. आत्ता दुपारचा एक वाजला आहे. पूर्वी असा कागद मी कधी केलेला नाही, त्यामुळे जुना रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

कलम १. खोली आपली नाही, तरी तिची भाडेपावती माझी पत्नी राधा हिच्या नावे करून घ्यावी. गिरणीकडून फंडाचे जे मिळेल ते सर्व तिचे. गावच्या भावकीने यात नाक खुपसू नये. मी आजारी असल्याचे कळवून दोन महिने झाले, एक साधे कार्ड आलेले नाही.

कलम २. माझी छत्री शेजारी कुशाबा यास द्यावी. साक्षीदाराला काही देता येत नाही असे कोणी काढलेच, तर छत्री गेली तीन वर्षे त्याच्याकडेच आहे हे ध्यानात घ्यावे. माझा चष्मा जो कोणी वाचणारा असेल त्याला. तीन बाजूंनी काळा कागद चिकटवलेला छोटा कंदील माझी मुलगी बकुळा हिला. हा कंदील कशाचा ते पुढे येते.

कलम ३. माझी खरी इस्टेट म्हणजे आमच्या नाट्यमंडळाच्या नाटकाची वही. आमचे मंडळ गिरणी कामगारांचे. मी त्यात बावीस वर्षे प्रॉम्प्टर आहे. पडद्यामागे कंदील घेऊन बसायचे आणि नट अडला की त्याला शब्द द्यायचा, असा पण की पहिल्या रांगेतल्या माणसालाही कळता कामा नये. हे काम हलके आहे असे ज्याला वाटते त्याने एकदा बसून बघावे. कोणाचा श्वास कुठे तुटतो, कोण घाबरला की आधी ओठ चाटतो, हे सगळे मी वहीत पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. गिरणीत दिवसभर तुटलेले सूत जोडायचे आणि संध्याकाळी तुटलेली वाक्ये, यात माझे आयुष्य गेले. ते वाया गेले असे मला एक दिवसही वाटले नाही. जाहिरातीवर माझे नाव मात्र कधी छापले नाही, हे मी विसरलेलो नाही.

कलम ४. आता दत्ताराम परब. हा आमचा मुख्य नट. गिरणीत विणकाम खात्यात असतो. म्हाताऱ्या बापाचे काम करतो आणि लोकांना रडवतो.

सन १९३७ मध्ये विणकाम खात्यात जागा निघाली होती. साचा, म्हणजे माग, चालवणे मी बघून बघून शिकलो होतो. पण धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागते, आणि तो धोटा पुढच्या पाळीत दुसरा माणूस तोंडाला लावतो. दत्ताराम सगळ्यांच्या देखत म्हणाला, "हा आमच्या धोट्याला तोंड लावणार?" विणकऱ्यांनी अर्धा दिवस साचे बंद ठेवले. मी रिंग खात्यात होतो तिथेच राहिलो. वर्षाने त्यांचा प्रॉम्प्टर आजारी पडला आणि हाच दत्ताराम माझ्याकडे आला. "तुला वाचता येतं. पडद्यामागे बस, कोणाला दिसणार नाहीस." मी बसलो. नाटकाची ओढ होती, दुसरे काय!

सन १९५१ च्या स्पर्धेत मी त्याचा सूड घेतला. बारा वर्षांनी घरी आलेल्या बापाला मुलगा ओळखत नाही, तिथे बापाचे वाक्य आहे, "पोरा, मी परका नाही रे. या घराची चौकट मी बसवली आहे." त्या ठिकाणी दत्ताराम अडला. वाक्य माझ्या ओठांवर होते. मी दिले नाही. तो नुसता उभा. डोळ्यांतून पाणी आले ते भीतीने आले. मग कसेबसे त्याला आठवले आणि तो बोलला. आणि काय सांगावे, सबंध थिएटर हुंदके देऊ लागले! त्याला पदक मिळाले. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगात तो तिथे तसाच थांबतो. ते थांबणे माझे आहे. खुनशीपणातून का होईना, पण मी केलेले आहे, आणि नाटकातली ती सगळ्यांत चांगली जागा आहे. मला त्याची लाज वाटते आणि अभिमानही वाटतो.

सन १९५६ च्या जानेवारीत मोर्चाच्या पळापळीत दत्तारामच्या डोक्यात काठी बसली. सात टाके पडले. तेव्हापासून त्याला एक ओळ पाठ राहत नाही. हे तो जाणतो आणि मी जाणतो, मंडळात तिसरे कोणी नाही. गेली चार वर्षे सबंध भूमिका, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तो माझ्या कुजबुजीवर बोलतो. धोट्याला ज्याचे तोंड चालले नाही, त्याच्या तोंडचा प्रत्येक शब्द तो आपल्या तोंडात घेतो. मी हे त्याला कधी बोलून दाखवले नाही. चार वर्षे तो बाप मीच केला, या आनंदात होतो.

कलम ५. येत्या रविवारी, एक मे रोजी, महाराष्ट्राचे राज्य होणार. परळच्या मैदानावर आमचा प्रयोग आहे. हजारो लोक येतील. ज्या राज्यासाठी दत्तारामने डोके फोडून घेतले, त्याच राज्याच्या पहिल्या दिवशी तो लोकांपुढे मुका उभा राहील, जर पडद्यामागे कोणी नसेल तर.

माझा आवाज बसू लागल्यापासून दोन वर्षे बकुळा माझ्याजवळ बसून काम शिकली आहे. वय वीस, मॅट्रिक पास, कान तिखट. मी मंडळात तिचे नाव सुचवले. दत्ताराम म्हणाला, "बाईमाणसाच्या कुजबुजीवर मी उभा राहणार नाही." म्हणून मी अशी अट घालतो की, आज दुपारी चार वाजेपर्यंत दत्तारामने माझ्या घरी यावे आणि बकुळेला स्वतःच्या तोंडाने विनंती करावी. न केल्यास वही चुलीत घालावी. दुसरी प्रत नाही. मी तसा निरोप पाठवला आहे.

दोन वाजले. आला नाही.

तीन वाजून गेले. राधा म्हणते, "एवढं ताणू नका." मी म्हटले, बावीस वर्षे त्याने ताणले तेव्हा कोणी बोलले नाही. चूल पेटवायला सांगितली. तिने पेटवली, पण माझ्याकडे पाठ करून.

कलम ६. पुढील मजकूर साडेचारला लिहीत आहे.

चारला दहा कमी असताना दत्ताराम आला. उंबऱ्यात उभा राहून आपल्या मालवणीत म्हणाला, "भिवा, वही दी. मी दुसरो माणूस बघतलंय."

मी त्याच्या हातात हा कागद दिला आणि कलम चार वाचायला लावले. त्याने उभ्या उभ्या वाचले. मला वाटले होते, पदकाचे वाचून तो अंगावर येईल.

"ह्या माका ठावक होता," तो म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"त्या दिवशी तुझो श्वास माका ऐकाक येत होतो. तू थयच होतस. वाक्य दिलंस नाय."

"मग नऊ वर्षं बोलला का नाहीस?"

"काय बोलतलंय? धोट्याचा फेडलंस, असा समजलंय. माका वाटला, फिटला."

"फिटलं नाही," मी ओरडलो. ओरडलो म्हणजे घशातून नुसती खरखर निघाली.

"मग जाळ. रविवारी मी गप उभो रवतलंय. लोक हसतले. तुझा समाधान होऊ दे!"

मी वही उचलली आणि चुलीपाशी गेलो. खोटे लिहीत नाही, मी ती घातली असती. कोपऱ्यात बसलेली बकुळा जागची हलली नाही.

ती म्हणाली, "घाला बाबा. मला सगळी पाठ आहे."

मी थांबलो.

"भांडण तुमचं आहे, काम माझं आहे. रविवारी मी पडद्यामागे बसणार. काकांनी विचारलं तरी आणि नाही विचारलं तरी. काका, उभे काय राहिलात, आत या. दाराकडे तोंड करा."

आणि दत्ताराम, मोठा नट, मुकाट्याने आत येऊन दाराकडे तोंड करून उभा राहिला. बकुळेने त्याच्या पाठीमागे बसून, बाप घरी येतो त्या प्रवेशाचे शब्द द्यायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्ये त्याला लागेनात. मानेवर घाम आला. ती घाई करत होती. मी सांगायला तोंड उघडले, तर तिने माझ्याकडे न बघता हात वर करून मला गप्प केले. मग ती थोडी थांबली, आणि एकच शब्द दिला: "परका." त्या जागी मी चार वर्षे सबंध वाक्य देत आलो; एका शब्दावर ते त्याला येईल असे मला कधी वाटले नव्हते.

"पोरा, मी परका नाही रे," दत्ताराम म्हणाला. "या घराची चौकट मी बसवली आहे."

बाहेर ओटीवर कुशाबा उभा होता, त्याने नाक ओढले. मलाही रडू आले. इतकी वर्षे मी हे वाक्य नीट ऐकलेच नव्हते. तो ते बोलत असायचा तेव्हा माझे डोळे पुढच्या ओळीवर असायचे. आज पहिल्यांदा मला नुसते बसून ऐकता आले.

सबब कलम ५ मधील अट मी रद्द केली आहे. तिच्यावर आडवी रेघ मारून शेजारी सही केली आहे. वही आणि कंदील बकुळेचे, बिनशर्त. वहीत माझ्या खुणांच्या शेजारी तिने आपल्या खुणा कराव्यात, आणि माझ्या चुकल्या असतील तिथे खोडाव्यात. जाहिरातीवर तिचे नाव छापावे, हे मात्र मी मंडळाला बजावून सांगतो.

इस्पितळापर्यंत बरोबर येतो, असे दत्ताराम म्हणतो. चालत वीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ तो आणि माझा आवाज दोन्ही माझ्याजवळ आहेत. सदतीस सालाबद्दल त्याला जे विचारायचे ते मी वाटेत तोंडाने विचारणार आहे. ते या कागदात लिहीत नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि दोघा साक्षीदारांसमक्ष सही केली.

भिवा धर्मा कासारे

साक्षीदार:
१. कुशाबा लक्ष्मण गमरे, शेजारी
२. दत्ताराम बाबाजी परब, विणकाम खाते

मुक्काम भोईवाडा, परळ, मुंबई
बुधवार, ता. २७ एप्रिल १९६०, दुपारी पावणेपाच