तुझा तळ्याचा पडदा आणि अठरा बायकांची रांग

मालवण,
रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय गुरुदास यास,

वॉल्टरचा मनापासून नमस्कार. मी इथे वरच्या सायबाच्या कृपेने चालता-बोलता आहे, गुडघे तेवढे सोडून. ठाण्याची हवा तुला मानवते का? सीतावहिनींचा खोकला कसा आहे? नातवाला, शौनकला आशीर्वाद, आणि त्याच्या कुत्र्यालाही, जो तुझ्या खुर्चीत बसतो असं कानावर आलं होतं. (पत्र म्हटलं की माझं पेन अजून सातवीच्या बाईंना घाबरून शाळेच्या मराठीत चालतं. तू आपलं मनात मालवणीत वाच.)

आपला स्टुडिओ बंद होऊन चौदा वर्षं झाली, तरी गेल्या मार्चात तो दीड दिवसासाठी पुन्हा उघडला आणि तुला कोणी कळवलं नाही, हा माझा गुन्हा कबूल करण्यासाठी हे पत्र. झालं असं की माझी नात ट्रिशा मुंबईहून आली. सॅविओची धाकटी, जिच्या बाप्तिस्म्याला तू पाद्रीबाबांनाच 'हनुवटी वर' म्हणाला होतास. ती आता एका संस्थेत काम करते, लोकांच्या अडचणींचे फोटो काढून त्या सरकारच्या आणि जगाच्या नजरेला आणायचं काम. तिच्या हुद्द्याचं नाव क्रिएटिव्ह डायरेक्टर. मी विचारलं, म्हणजे नेमकं काय करतेस? तर कोणी कुठे उभं राहायचं, काय नेसायचं, मागे काय दिसायचं, हे ती ठरवते. अरे, हे तर तू तीस वर्षं करत होतास, आणि आम्ही तुला 'पडदेवालो' म्हणायचो. (आज तुझी जाहीर माफी मागतो.)

तिचा विषय होता आपल्या किनाऱ्यावरच्या मासळीवाल्या बायका. पहाटे पाचला लिलावाला येतात, दुपारी घरी जातात, आणि तोवर जायला एक मोरीसुद्धा नाही. म्हणून पाणीच पीत नाहीत. काशीबाईची सून शर्मिला गेल्या हिवाळ्यात त्यापायी लघवीच्या दुखण्याने चार दिवस दवाखान्यात होती, ताप उतरेना, डॉक्टरने सांगितलं की असंच चाललं तर मूत्रपिंडाला धोका आहे. सात वर्षं ह्या बायका शौचालयासाठी अर्ज करत होत्या. शेवटी एक साहेब पाहणीला आले ते दुपारी चार वाजता. किनाऱ्यावर दोन होड्या आणि एक झोपलेला कुत्रा. साहेबांनी लिहून दिलं, 'प्रत्यक्ष पाहणीत गरज आढळून आली नाही.'

आता जी वस्तू नाही तिचा फोटो काढायचा कसा? आपण मेलेल्या माणसाचा काढला, न जन्मलेल्याचा डोहाळजेवणात काढला, पण नसलेल्या शौचालयाचा कधी काढला नव्हता. ट्रिशाने ठरवलं, पहाटेच्या करड्या उजेडात बायकांचे थकलेले चेहरे घ्यायचे, साध्या लुगड्यात, मान खाली. मला तिने मदतनीस म्हणून नेलं. (माझ्या हातात चंदेरी कागद लावलेला एक गोल पुठ्ठा दिला. चाळीस वर्षं फोटोग्राफी केलेल्या माणसाला पुठ्ठा.) बायका जमल्या आणि पाचव्या मिनिटाला काशीबाईने पाटी खाली ठेवली.

"बाये, सात वर्सा रडान झाला. आता माका रडूचा नाय आसा," ती ट्रिशाला म्हणाली. "आणि ह्या वासाच्या लुगड्यात मी पेपरात जावचंय नाय. फोटो काढूचो तर गुरुदास आमका उभी करी तसो काढ. तो तळ्याचो पडदो खंय आसा?"

बाकीच्या सतरा जणींनी तेच लावून धरलं. प्रत्येकीच्या घरात लग्नाचा फोटो त्याच पडद्यापुढचा, तू रंगवलेल्या तळ्यापुढचा, ज्यातल्या राजहंसांना सगळं मालवण बदकं म्हणत आलंय. कोणी म्हणाली, माझी मान तीन वेळा सरळ केलेली गुरुदासाने. किशोरीला तर तू फोटोत हसू नको म्हणून दम दिला होतास, ते ती अजून हसतच सांगते. ट्रिशाने कॅमेरा खाली केला. मग आपल्या आजोबाकडे, म्हणजे माझ्याकडे बघून म्हणाली, "शापाय, तो पडदो गावलो तर घेवन ये."

पडदा माळ्यावर होता. उलगडला तेव्हा त्यातून अजून तुझ्या टर्पेंटाइनचा वास आला, आणि मी जरा वेळ तिथेच बसून राहिलो. खालून ट्रिशाने हाक मारली तेव्हा गुडघ्यांचं कारण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अठरा जणी आल्या त्या नऊवारी नेसून, अंगावर होतं नव्हतं ते सोनं, केसात अबोली. आम्ही दोन बांबू वाळूत रोवले, पडदा बांधला, आणि मी अगदी तुझ्या आवाजात 'श्वास रोखा' म्हणणार तोच वारा आला. तू हा पडदा बंद खोलीसाठी रंगवलास, गुरुदास, तो शिडासारखा फुगला. एक बांबू उपटला. तो धरायला मी धावलो आणि बांगडे भरलेल्या पाटीत बसलो. (शब्दशः बसलो. पँट तीन वेळा धुतली.) एक कोपरा लाटेत गेला. चौघींनी निऱ्या खोचून पडदा ओढून आणला आणि आडवा, घट्ट, दगड लावून बांधला. तेव्हा शर्मिला त्याच्या मागे गेली. मग आतून म्हणाली, "आज पयल्यांदा हय आडोसो गावलो."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. मग हसणं थांबलं, आणि काशीबाई पदर सावरून पडद्याच्या कडेला उभी राहिली. तिच्यामागे किशोरी. मग दिव्या. शर्मिलाही बाहेर येऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं. मी तीस वर्षं ह्याच किनाऱ्यावर सूर्यास्ताचे फोटो काढून पर्यटकांना विकले, ह्या बायकांची लग्नं काढली, बारशी काढली, आणि ह्या सकाळभर कुठे जात असतील असं एकदाही मनात आलं नाही. मला लाज वाटली. ट्रिशाने कॅमेरा उचलला तो हलकेच, कोणाला हनुवटी वर-खाली करायला न सांगता.

फोटो तसाच आलाय. मागे समुद्र, त्यापुढे तुझं तळं, आणि त्याच्या कडेला सोन्यानाण्याने मढलेल्या अठरा बायकांची रांग, सरळ तुझ्या डोळ्यात बघणारी. ट्रिशाच्या संस्थेने तो बऱ्याच ठिकाणी पोचवला, पण खरं काम काशीबाईने केलं. तिने तो फ्रेम करून आठव्या अर्जासोबत साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी चष्मा लावून विचारलं, हे लग्न कोणाचं? काशीबाई कचेरीत शुद्ध बोलते, ते तुला ठाऊक आहे. "लग्न नाही, साहेब. ही रांग आहे. नंबर लागायची वाट बघतोय, सात वर्षं झाली. तुमची गाडी सकाळी येईल का?"

गाडी सकाळी आली. डिसेंबरात चार खोल्या उभ्या राहिल्या, दाराला आतून कडी, आणि नळाला पाणी. किल्ली किशोरीकडे असते. शर्मिला आता लिलावाला बाटली घेऊन येते आणि सगळ्यांदेखत घटाघटा पाणी पिते. ते बघायला मी कधीकधी उगाच किनाऱ्यावर जातो.

सीतावहिनींना नमस्कार. इथल्या सगळ्या तुझी विचारपूस करतात.

तुझा,
वॉल्टर

ता. क. हे फोनवर सांगितलं असतं. पण तू दोन वाक्यं बोलतोस आणि फोन शौनककडे देतोस, आणि मी त्याला पावसापाण्याचं विचारत राहतो.

ता. क. २. दोन बदकांपैकी एक खाऱ्या पाण्याने पुसलं गेलंय. ते मला रंगवता येणार नाही. ट्रिशाला विचारलं तर म्हणाली, तसंच छान आहे.

ता. क. ३. आता मूळ मुद्दा. परवा सगळे जुने अल्बम काढले. तुझे फोटो आहेत, मी काढलेले. माझा एकही नाही, आणि आपण दोघे एकत्र तर कुठेच नाही. मला भिंतीवर लावण्यासारखा एक फोटो हवाय, कोट घालून, तुझ्या पडद्यापुढे. तब्येत ठणठणीत आहे, घाई नाही, पण मे महिन्याआधी ये. न आलास तर माझ्यामागे सॅविओ आधारकार्डावरचा फोटो मोठा करून लावील. त्यात मी नुकताच पकडून आणल्यासारखा दिसतो.