संस्थापकांचं पाऊल

तीर्थस्वरूप आत्यास, कंबर धरून का होईना, पण वाकून नमस्कार.

तुझी तब्येत, तुझी साखर आणि शेजारणीशी चाललेलं तुझं भांडण, सगळं जोमात असेलच. इकडे आम्हीही बरे आहोत, फक्त पाय सोडून. त्याचंच लिहायचं आहे.

आपल्या वाइनरीचं तळघर (जिथे पाहुण्यांना वाइन चाखवतो आणि मी घराण्याचा इतिहास सांगतो, दरवर्षी थोडा वाढवून) आता वारसास्थळ ठरायचं आहे. त्याच्या दारातल्या सिमेंटमध्ये ते पाऊल उमटलंय ना? 'पहिली द्राक्षं तुडवून संस्थापक इथूनच बाहेर पडले,' असं सांगून मी आजवर शेकडो लोकांना तिथे डोकं टेकायला लावलंय. परवा तपासणीला बाई आल्या आणि त्यांनी पट्टीच काढली. पाऊल भरलं नऊ इंच. शेजारी काचेच्या पेटीत संस्थापकांचे, म्हणजे आजोबांचे बूट, चांगले बारा इंची! माझ्या तोंडातून निघून गेलं, "वाइनमध्ये पाय आकसतात." बाईंनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "शुक्रवारी आकसवून दाखवा." हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

तेव्हापासून बाबा आणि मी रोज तीन तास द्राक्षांच्या रसात उभे आहोत. माझा पाय उलट अर्धा इंच सुजला. काल बाबा एकदम चिडले आणि बोलून गेले की ते पाऊल आजोबांचं नाहीच, आत्या, तुझं आहे. आजोबांना सिरका, म्हणजे व्हिनेगर करायचा होता म्हणे. चौदा वर्षांची असताना तू द्राक्षं तुडवलीस, पिंप घट्ट झाकून ठेवलंस, हवा लागली नाही म्हणून सिरक्याऐवजी वाइन झाली. मार तू खाल्लास आणि पाटीवर नाव लागलं आजोबांचं. तू चाळीस वर्षं इथे का फिरकली नाहीस, ते मला काल कळलं. फार लाज वाटली गं.

लोभ उरला असेल तर राहू दे.

तुझा (सध्या जांभळ्या पायांचा) भाचा

ता. क. : शुक्रवारी येऊन पाऊल तेवढं जुळवून दाखवशील का? मात्र नाव आजोबांचंच राहू दे, पाटी नुकतीच रंगवली आहे.

ता. क. २ : वरची ओळ बाबांनी वाचली. पाटी उतरवली आहे. तुला मार पडला तेव्हा ते दाराआड उभे होते आणि भीतीने गप्प बसले, असं म्हणाले. गुरुवारी ते स्वतः तुला न्यायला येताहेत. वाटेत माफी मागायला लागले, तर आधी गाडी बाजूला घ्यायला लाव. रडू लागले की त्यांना समोरचं दिसत नाही.