डब्यातले अंजीर अंगणात कधी लावावे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, जन्मभर रोपवाटिका चालवलेला विधुर, आज पूर्ण शुद्धीवर आहे. तीन वर्षांपूर्वी माझे कमरेचे हाड मोडले, डोके नव्हे. हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, ओळ न् ओळ स्वतः वाचून करीत आहे. मागच्या वेळी न वाचता सही केली होती.

१. ती सही अशी. मी इस्पितळात असताना धाकटा भाऊ कागद घेऊन आला. "दादा, ऑपरेशनची परवानगी आहे, इथं सही कर." मी केली. दोन महिन्यांनी काठी टेकत फाटकाशी गेलो, तेव्हा कळले की रोपवाटिका त्याच्या नावावर झाली आहे. कलम बांधायला त्याला मीच शिकवले होते. कोर्टाची पायरी चढलो नाही. सबब रोपवाटिकेबद्दल लिहिण्यासारखे माझ्याकडे काही उरलेले नाही.

२. माझ्या पत्नीने शेवटच्या आजारपणात तिथे एका कुंडीत अंजिराची काडी रुजवली होती. "घाई करू नका, मुळांना माती धरू दे," असे मला बजावून ती गेली. भावाने जागा मोकळी करायची म्हणून ते रोप ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी माझ्या अंगणात आणून लावले. मातीचा गोळा फुटला, मुळे उघडी पडली. मी घरी आलो तेव्हा नुसती वाळकी काटकी उभी होती. रोपवाटिका गेली ते गिळले. हे घशाखाली उतरले नाही.

३. राहते घर व अंगण मी भावजयीस, तिच्या एकटीच्या नावे देतो. भावाचा त्यावर हक्क नाही. कारण असे: गेल्या आठवड्यात ती तेलाच्या मोठ्या डब्यात वाढवलेले अंजीर हातगाडीवर घेऊन आली. अंगणातल्या त्या मरत्या रोपाची फांदी तिने गुपचूप नेऊन जगवली होती.

हातगाडी अंगणात उभी करून म्हणाली, "दादा, कागद कसला होता ते मला माहीत होतं. मी तोंड उघडलं नाही."

"का?"

"माझा संसार मोडला असता."

"म्हणजे माझं मोडलेलं चाललं."

"हो," ती म्हणाली.

त्या दोघांच्यात मला खरे सांगणारी ती एकटीच. राग आहेच, घरही तिचेच.

४. अंजीर आता लावू नये. पाने गळून गेल्यावर, नवे डोळे फुटण्याआधी लावावे. डब्याच्या भोकांतून पांढरी मुळे डोकावली पाहिजेत. आदल्या दिवशी पाणी द्यावे. खड्डा डब्याच्या दुप्पट रुंद, पण खोली डब्याएवढीच. मुळे गोल गुंडाळलेली असतील तर बोटांनी मोकळी करावीत.

५. अवजारे भावजयीस. कुदळ भावास.

६. त्याला माफ केले का, असे ती विचारेल. नाही. पण तो डबा तिच्या एकटीच्याने उचलवणार नाही. अंजीर लावायच्या दिवशी त्याला अंगणात येऊ द्यावे.

सही: (स्वहस्ते)
साक्षीदार: १. शेजारचा सुतार. २. समोरची शिंपीण, दोघांनी सही करण्याआधी सगळे वाचले.
ठिकाण: राहते घर, अंगणाकडची खोली
दिनांक: सोळा ऑक्टोबर