पिवळं पाणी

२ डिसेंबर

नोकरी मिळाली, खोली मिळाली आणि समुद्रही मिळाला! बीडला सांगितलं तर मैत्रिणी जळतील. बोईसरच्या एका छोट्या खासगी रुग्णालयात आज नर्स म्हणून रुजू झाले. खोली जवळच्या पाम गावात. रस्त्याच्या कडेला बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, वास थेट उशीपर्यंत येतो. वॉर्डातल्या आया नलूमावशी इथल्याच, मच्छीमारांच्या घरातल्या. माझ्या नाकावरचा रुमाल पाहून म्हणाल्या, सिस्टर, थोडे दिवस जाऊ द्या, हा वास नाय आला तर तुमाला जेवान नाय जायचं. मग स्वतःचा निम्मा डबा माझ्यापुढे सरकवला. माणसं चांगली आहेत.

४ डिसेंबर

भागी नावाची पेशंट आली, डोंगराकडच्या पाड्यावरची. लिव्हर बिघडलेलं, पोट पाण्याने टम्म. डॉक्टरांनी सुई घालून बरंच पाणी काढलं. इतकं पाणी एकदम निघालं की रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून शिरेतून ह्युमन अल्ब्युमिन सुरू केलं. बाटली न हलवता उजेडात धरून पाहिली. पिवळसर, स्वच्छ. गढूळ असती तर लावली नसती. थेंब सावकाश ठेवले, कारण हे औषध अंगातलं पाणी रक्तवाहिन्यांत ओढून घेतं. घाई केली की फुप्फुसात पाणी भरतं.

मावशींनी विचारलं, हे खरंच माणसाचं असतं का. म्हटलं, हो, माणसांनी दिलेल्या रक्तातल्या पिवळ्या पाण्याचं. हजारो जणांचं एकत्र करतात आणि शुद्ध करतात. मावशी बाटलीकडे पाहत राहिल्या. खाट पुसायची राहिली ती राहिलीच.

५ डिसेंबर

भागीचे हात सकाळपासून पांघरुणावर चाललेत, जाळं विणल्यासारखे. बोटांत धागा नाही. मधूनच ओरडते, वारा फिरला, जाळी खेचा. तिचा नवरा चिंतू चक्रावलाय. म्हणतो, भातखाचरातल्या पावसाच्या पान्याबिगर भागीनं मोठं पानी देखलंच नाय, समिंदर कुठला? डॉक्टर म्हणाले, लिव्हरच्या पेशंटला असा भ्रम होतो. पटलं.

पण मावशी आत आल्या तेव्हा भागी घोगऱ्या, पुरुषी आवाजात म्हणाली, नले, चूल पेटव गो, पार भिजलोय.

मावशी घाबरल्या नाहीत. हसल्या.

७ डिसेंबर

आज मावशींनी सांगितलं. त्यांचे यजमान दामू खलाशी होते. मासेमारी बंदीच्या महिन्यांत कुणा एजंटाबरोबर पिवळं पाणी द्यायला जायचे. यंत्र तेवढं काढून घेई आणि लाल परत अंगात सोडी. पुढे एकदा त्यांची बोट गेली ती आलीच नाही. भावकीने दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचं ठरवलं. मावशींनी देऊ दिला नाही. त्यांचं म्हणणं, दामू पुरता गेलेलाच नाही. बाटल्यांत आहे.

मी समजावलं. मावशी, साठ अंशांवर कितीतरी तास तापवतात, त्यात कोण उरणार?

त्या म्हणाल्या, बोंबील उनात वाळला म्हनून त्याचा वास जातो काय?

एरवी मी हसले असते.

८ डिसेंबर

भागीचं पाणी पुन्हा काढलं, दुसरी बाटली लावली. थेंबांचा सावकाश वेग मीच लावून दिला. जेवून आले तर थेंब कमीजास्त करायचं नळीवरचं चाक पूर्ण उघडं. भागीला दम लागलेला, मानेच्या शिरा फुगलेल्या. बाटली बंद केली, तिला उठवून बसवलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. वाचली.

जवळ फक्त मावशी होत्या. मी त्यांच्यावर ओरडले. शांतपणे म्हणाल्या, अर्धाच आलावता, सिस्टर.

उघडलेली बाटली ठेवत नाहीत, उरलेलं फेकायचं असतं. ती अर्धी बाटली कचऱ्याच्या डब्यात पाहिली. नव्हती.

१० डिसेंबर

चिंतूने भागीला पालघरला हलवलं. जाताना शुद्धीवर होती, हात शांत. तिच्याच आवाजात मला म्हणाली, येते गो बाय.

डॉक्टरांकडे तक्रार केली. म्हणाले, आया मिळत कुठे आहेत, बघू. संध्याकाळी मावशी खोलीवर आल्या. रडल्या, माफी मागितली. कालवण आणलं होतं. नाही म्हणवलं नाही, जेवले.

जाताना त्यांनी माझा दंड चाचपला. म्हणाल्या, सिस्टर, तुमच्या शिरा चांगल्या हायत.

११ डिसेंबर

पहाटेपासून उलट्या, जुलाब. उभं राहवत नाही. आमच्याच वॉर्डात आहे, भागीच्याच खाटेवर. डॉक्टरांना बजावून सांगितलं, मला सलाइन पुरेल, अल्ब्युमिनची गरज नाही. हो म्हणाले. मग पालघरजवळ कोळगावच्या जिल्हा कार्यालयात मीटिंगला गेले.

कालवणात काही — की माझंच मन —

मावशी पाय दाबतायत. फार मायेने. माझ्या चेहऱ्याकडे बघतात, पण मला नाही बघत.

दुपार

डोळा लागला होता. सलाइन कुठे गेलं? पिवळी बाटली. अर्धीच. गढूळ —

चाक पूर्ण उघडं. नळीचा हात जड. दुसऱ्याने लिहितेय. हाक मारली. आवाज घोगरा —

मावशी म्हणतायत, आता पुरता ये, धनी.

छाती भरत —

नली हसतंय. आलो गो मी. पन हितं मी एकलाच नाय. लय मानसं हायत, वलखीचा एक पन नाय. समदी वर येतायत. मला पायाखाली — नले, हसू नको, बाटली काढ, बाटली का